शहरांतील झाडांची निवड व कीड-रोगांचा विचार

या मासिकाचे वाचक बहुतेक जमीनधारक शेतकरी आहेत. तेव्हां शहरांतील झाडांविषयीं येथें लिहिण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न प्रथमदर्शनीं कोणाच्याही मनांत येईल. परंतु नागपूर शहर आज जेथें संपतें त्याच्या पुढेंच संत्र्याच्या बागा लागतात, आणि तें शहर दरवर्षीं थोडें आणखी पुढें जाऊन संपतें. कळमेश्वर, काटोल, सावनेर या बाजूंच्या ज्या धुऱ्यांवरून नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्हीं पटवाऱ्याबरोबर पीकपाहणी केली, त्यांतील कित्येक धुरे आज भूखंडांच्या नकाशांत शोधूनही सांपडत नाहींत. एका अंगास संत्रा, दुसऱ्या अंगास ले-आऊट आणि मध्यें एक तारेचें कुंपण, अशी पुष्कळ ठिकाणीं स्थिति आहे. कुंपणापलीकडे शोभेसाठीं कोणतें झाड लावलें जातें हा प्रश्न त्यामुळें अलीकडच्या मालकाचाही झाला आहे. शिवाय आपणांपैकीं अनेकांनीं मुलांच्या शिक्षणानिमित्त शहरांत घरें बांधलीं आहेत. आणि तेथें झाड लावतांना आपण आपलें शेतकरीपण उंबऱ्याबाहेर ठेवतों, हा आमचा स्वतःचाच अनुभव आहे. तो प्रथम सांगतों.

दहा वर्षांपूर्वीं नागपुरांत लहानसें घर बांधलें तेव्हां पुढच्या कुंपणास आम्हीं कामिनी लावली. कामिनी, जिला कोणी कुंतीही म्हणतात, तें बारीक चकचकीत पानांचें व पांढऱ्या सुवासिक फुलांचें झुडूप हल्लीं प्रत्येक बंगल्यापुढें व बगीच्यांत दिसतें. रोपें देतांना माळी म्हणाला, “साहेब, हिला रोग लागत नाहीं, आणि कातराल तितकी दाट होते.” यांतील दुसरी गोष्ट खरी निघाली. पहिलीचा खरा अर्थ समजण्यास आम्हांस सात वर्षें लागलीं.

आमचे थोरले बंधू कळमेश्वर तालुक्यांत संत्रा करतात. तीन वर्षांपूर्वीं घरच्या एका कार्यास ते आले असतां सकाळीं ओसरीवर चहा घेत कुंपणाकडे पाहत बसले होते. मध्येंच उठले, खांद्यावरचा पांढरा दुपट्टा कामिनीखालीं पसरला आणि हातानें कोवळे शेंडे दोन-चार वेळां झटकले. दुपट्ट्यावर तिळाहून थोडे मोठे, भुरकट, टुणकन् उडणारे दहा-बारा किडे पडले. “बाबू,” ते म्हणाले, “हा सायला आहे. माझ्या बागेंत याच्यापायीं मी वर्षाला तीन-तीन फवारण्या करतों, आणि तूं याला दारांत पाणी घालून पोसतोस!”

आम्ही अंमळ खजील झालों. सातबाऱ्यांवर संत्र्याचें क्षेत्र नोंदवण्यांत आमची उमर गेली. परंतु कामिनी ही संत्र्याच्याच कुळांतली आहे, हें आमच्या कधीं ध्यानांत आलें नव्हतें. लिंबू, मोसंबी, संत्रा, बेल, कवठ, कढीपत्ता आणि कामिनी हीं सारीं एकाच कुळांतील. पान चुरडून उजेडासमोर धरलें तर सर्वांत तेलाचे बारीक ठिपके दिसतात. आणि नात्यागोत्यांत जसा एकाचा पाहुणा दुसऱ्याकडेही हक्कानें जेवतो, तशी एका कुळांतील झाडांची कीडही पुष्कळदां सामाईक असते.

सायल्याची रीत संत्रेवाल्यांस ठाऊकच आहे; तरी मुद्दा त्यावरच उभा असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. हा किडा फांदीवर डोकें खालीं व शेपटाकडील भाग वर करून तिरपा बसतो. मादी न उमललेल्या कोवळ्या पानांच्या घडींत पिवळसर नारिंगी अंडीं घालते. जून पानावर ती अंडीं घालीत नाहीं. म्हणजे कोवळी पालवी नसेल तर सायल्याची वाढ खुंटते. संत्र्यास नवती येण्याचे काळ ठरलेले आहेत: आंबियाच्या वेळीं जानेवारी-फेब्रुवारींत, मृगाच्या पावसाबरोबर जून-जुलैंत, आणि हस्ताच्या सुमारास ऑक्टोबर-नोव्हेंबरांत. मधल्या काळांत बागेंत किड्यास उपवास घडतो. कुंपणाच्या कामिनीस मात्र असा काळच नाहीं. तिला बारमाही पाणी मिळतें, महिन्या-दोन महिन्यांनीं कातर लागते, आणि प्रत्येक कातरणीबरोबर आठ-पंधरा दिवसांत नवीन पालवी फुटते. शोभेसाठीं चालवलेली कातर सायल्याचें ताट वर्षभर वाढून ठेवते. बागाईतदार फवारणी करून आपली बाग स्वच्छ करतो, आणि पुढच्या नवतीस कुंपणापलीकडून नवी झुंड येते.

सायला नुसता रस शोषतो एवढेंच असतें तरी एक वेळ सोसलें असतें. त्याच्याबरोबर ‘ग्रीनिंग’ नांवाचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. हा रोग आपल्या विदर्भांतही आहे. याचे सूक्ष्म जंतु झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतात. पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगाचे असे चट्टे येतात कीं मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींशीं जुळत नाहींत. जस्ताच्या कमतरतेचा पिवळेपणा दोन्ही बाजूंस सारखा असतो, हा ओळखण्यांतला भेद आहे. फळ लहान व वांकडें राहतें आणि खालच्या टोकास हिरवेंच राहतें. एकदां रोग शिरला कीं झाड बरें करणारें औषध आजवर निघालेलें नाहीं. झाड काढून टाकणें, सायला आटोक्यांत ठेवणें व निरोगी कलम लावणें एवढेंच हातीं उरतें. कामिनीवर हा रोग संत्र्यासारखा बळावत नाहीं. ती हिरवीगार दिसते, म्हणून तिच्यावर कोणाचा संशय जात नाहीं. माळ्याच्या ‘रोग लागत नाहीं’ या शब्दांचा अर्थ आम्हांस असा उलगडला.

ही भीति पोकळ आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांताची हकीकत ध्यानांत घ्यावी. तेथें सायला प्रथम १९९८ सालीं आढळला. पुढें तो प्रांतभर पसरला त्यांत बागबगीच्यांसाठीं दुकानांतून विकल्या जाणाऱ्या कामिनीच्या कुंड्यांचा मोठा वांटा होता, असें तेथील तज्ज्ञांनीं नोंदवून ठेवलें आहे. २००५ सालीं तेथें ग्रीनिंग रोग सांपडला. २००३-०४ च्या हंगामांत त्या प्रांतांत संत्र्याच्या २४ कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ मध्यें दोन कोटीही निघाल्या नाहींत. मधल्या काळांत वादळें झालीं व जमिनीही विकल्या गेल्या हें खरें. परंतु मुख्य घाव रोगाचा. कॅलिफोर्निया प्रांतांत हा रोग २०१२ सालीं प्रथम सांपडला तो कोणा बागाईतदाराच्या मळ्यांत सांपडला नाहीं. तो लॉस एंजल्सजवळच्या वस्तींत एका घराच्या परसांतील झाडावर सांपडला. शहराचें परस आणि शेतकऱ्याची बाग यांतलें अंतर नकाशावर दिसतें तेवढें नसतें.

यास जोडून एक गोष्ट रोपवाटिकांची. रस्त्याकडेच्या कित्येक रोपवाटिकांत एकाच जाळीखालीं संत्र्याचीं कलमें, कागदी लिंबाचीं रोपें आणि कामिनीच्या कुंड्या शेजारीं शेजारीं मांडलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. तेथून कलम आणणारा शेतकरी कीड विकत घेऊन गाडींत घालून नेतो. नागपुरांत केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. पूर्वीं ती राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून ओळखली जाई, आणि रोगमुक्त कलमें तयार करणें हें तिच्या कामांतील एक मुख्य अंग आहे. कलमें घेतांना चार पैसे वांचवण्यापेक्षां मातृवृक्ष कोठला व रोपें कीटकरोधक जाळींत वाढवलीं कीं नाहीं, एवढी चौकशी करावी.

आतां थोडें व्यापक पाहूं. शेतांत कीड पडली तर आपणांजवळ पंप आहे, औषध आहे, आणि पीक कमरेएवढें आहे. शहरांतील झाड चाळीस-पन्नास फूट उंच, खालीं शाळेचीं मुलें, शेजारीं विहीर, वर विजेच्या तारा; तेथें फवारणी कोण व कशी करणार? म्हणून शहरांत जो कांहीं बंदोबस्त करावयाचा तो झाड निवडतांनाच करावा लागतो. निवड करतांना सांवली, फुलांचा रंग आणि वाढीचा वेग एवढेंच पाहण्याचा प्रघात आहे. त्यांत दोन प्रश्नांची भर घालावी, असें आम्हांस वाटतें: या झाडास कोण खातो, आणि तो खाणारा याशिवाय आणखी काय खातो?

दुसरा प्रश्न शेतकऱ्यास अधिक महत्त्वाचा. जास्वंदीचेंच पाहा. २००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत पिठ्या ढेकणानें पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत कपाशीचें मोठें नुकसान केलें. हा किडा कपाशी शेतांत नसते तेव्हां जास्वंदीच्या कुंपणावर, गाजरगवतावर व तशाच इतर झाडा-तणांवर दिवस काढतो. पुढें एका बारीक गांधीलमाशीनें त्याच्या अंगांत अंडीं घालून त्यास बराच आवर घातला. तरी कपाशीच्या शेताला लागून जास्वंदीची लांबच लांब रांग लावणें हें शहाणपणाचें नाहीं. देवाच्या फुलांपुरती दारांत एक-दोन असावीं, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तसेंच सावरीचें: फाल्गुनांत तिचीं लाल फुलें कोणास आवडत नाहींत? परंतु तिचीं बोंडें फुटलीं म्हणजे बियांवर कपाशीचा लाल ढेकण्या गोळा होतो. असलेली सावर कोणीं तोडूं नये. तिच्या फुलांवर कितीक पक्षी जगतात. नवीन रांग लावावयाची झाल्यास ती कपाशीच्या पट्ट्यांतून जाणाऱ्या रस्त्यावर नको, एवढेंच.

गुळवेलीविषयीं लिहावें कीं नाहीं याचा आम्हीं विचार केला, कारण २०२० च्या साथीपासून तिची महती फार वाढली आहे आणि घरोघरीं, बगीचोबगीचीं ती कडुनिंबावर चढवलेली दिसते. परंतु आंबिया बहाराचीं फळें पिकण्याच्या सुमारास रात्रीं येऊन सोंडेनें भोंक पाडणारा व रस शोषणारा जो पतंग आहे, त्याच्या अळ्या संत्र्यावर वाढत नाहींत. त्या गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेलींवर वाढतात. भोंक पडलेलें फळ सडून गळतें आणि बागाईतदार झाडाखालीं पाहून कपाळास हात लावतो. बागेभोंवतालच्या वेली काढाव्या हा कृषि खात्याचा जुना सल्ला आहे. शेजारच्या ले-आऊटमध्यें त्याच वेली हौसेनें लावल्या जात असतील तर त्या सल्ल्याचा उपयोग अर्ध्यावर येतो. औषधाची वेल औषधाच्या जागीं ठीक. बागेच्या कुंपणावर नको.

पहिला प्रश्न झाडाच्या स्वतःच्या जिवाचा. एके काळीं सुबाभळीचा केवढा बोलबाला होता तें वाचकांस आठवत असेल. चारा, सरपण, खत सर्व देणारी म्हणून ती गांवोगांव लावली गेली. १९८८ च्या सुमारास तिच्यावरील सायला (संत्र्यावरच्याहून निराळा, पण त्याचाच भाऊबंद) दक्षिणेंत प्रथम दिसला आणि पाहतां पाहतां देशभर पोंचला. कोवळे शेंडे करपून झाडें झाडूसारखीं दिसूं लागलीं. मुंबईंत रस्त्याकडेचे मोठमोठे पर्जन्यवृक्ष, ज्यांस आपण विलायती शिरीष म्हणतों, २०१० नंतरच्या दशकांत पिठ्या ढेकणानें वाळून गेले. कडुनिंबास तर कीड लागतच नाहीं अशी आपली समजूत. पण अलीकडच्या वर्षांत तेलंगणांत हजारों कडुनिंबांचे शेंडे वाळले. एक रस शोषणारा ढेकूण व त्यामागून शिरणारी बुरशी, असें त्याचें कारण तज्ज्ञ देतात. पुष्कळ झाडें पुढच्या पालवींत सांवरलीं, हें कडुनिंबाच्या चिवटपणाचें लक्षण आहे. म्हणून आम्ही कडुनिंब लावूं नये म्हणत नाहीं. सगळाच रस्ता कडुनिंबाचा करूं नये, असें म्हणतों.

सगळा पेरा एका वाणाचा केला म्हणजे एका रोगांत सगळें जातें, हें शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. शहरांस मात्र तें मोठी किंमत देऊन शिकावें लागलें. अमेरिकेंतील कित्येक शहरांनीं रस्त्याच्या दोन्ही कडांस एल्म नांवाचें एकच झाड लावलें होतें. गेल्या शतकांत एका बुरशीच्या रोगानें तीं रांगच्या रांग मेलीं. त्यांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं काय लावलें, तर पुन्हां एकच झाड, अ‍ॅश. २००२ सालीं डेट्रॉइट शहराजवळ आशियांतून आलेला एक हिरवा खोडकिडा सांपडला, आणि मग अ‍ॅशची पाळी आली. दरम्यान १९९० सालीं सांतामूर नांवाच्या तेथील वृक्षशास्त्रज्ञानें एक सोपा हिशेब सुचवला होता: शहरांतील एकूण झाडांत एका जातीचीं शेंकडा दहांहून, एका गणाचीं वीसांहून आणि एका कुळाचीं तीसांहून अधिक नसावीं. हा हिशेब तंतोतंत पाळला पाहिजे असें नाहीं. परंतु आमच्यासारख्या कारकुनास तो आवडला, कारण तो मोजतां येतो. आपल्या ले-आऊटच्या खुल्या जागेंतलीं झाडें एकदां कागदावर मांडून पाहावीं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर हा लेख वाचून कोणी कुऱ्हाड घेऊन निघेल. प्रत्येक अळी ही आपत्ति नसते. बहाव्यावर पिवळसर फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या पडून पानें चाळण होतात, आणि पुढें नवी पालवी येते. करंजाच्या पानांवर सूक्ष्म कोळ्यांमुळें पुटकुळ्या येतात. झाड त्यांस जुमानीत नाहीं. सप्तपर्णीच्या पानांवर गांठी येऊन तें विद्रूप दिसतें, पण सहसा मरत नाहीं. दारच्या बेलावर लिंबाच्या फुलपाखराच्या, लहानपणीं पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या तर हातानें वेचाव्या. बेल हा संत्र्याचा नातलग असला तरी देवळापुढचा बेल काढा, असें सांगण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. त्याचें कारणही नाहीं, कारण त्यास कोणी महिन्यास कातर लावीत नाहीं.

खोडाकडे मात्र जरूर पाहावें. खोडावर भुशाच्या व विष्ठेच्या वळसेदार जाळ्या दिसल्या तर ती साल खाणारी अळी. हीच अळी संत्रा, पेरू, बोर, जांभूळ व रस्त्याकडेचीं इतर अनेक झाडें यांवर असते, आणि दुर्लक्षित, अशक्त झाडावर तिची विशेष मर्जी. जाळ्या खरवडून, छिद्रांत रॉकेलचा बोळा घालून वरून चिखलानें लिंपण्याचा उपाय आपण बागेंत करतों, तोच रस्त्यावरही लागू पडतो. नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हांत ज्या झाडाचा बुंधा चहूंकडून सिमेंटानें आवळला आहे त्यास पाणी कोठून मिळावें? तें झाड अळीस आमंत्रण देऊनच उभें असतें. आणि गुलमोहर, शिरीष यांच्या बुंध्याशीं तपकिरी, लाकडासारखी कठीण छत्री उगवली असेल तर आंतलें मूळ कुजत आहे असें समजावें. असें झाड वादळांत मोटारीवर वा माणसावर पडतें. तें पडल्यावर त्याच खड्ड्यांत पुन्हां गुलमोहर लावूं नये. डिंक्यानें संत्रा गेलेल्या खड्ड्यांत आपण लगेच संत्रा लावतों काय?

आमच्या जुन्या खात्याशीं संबंधित एक बाब येथें सांगणें अवश्य आहे. महाराष्ट्रांत नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. त्याप्रमाणें शहरांतील झाड, मग तें स्वतःच्या आवारांत असलें तरी, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास व त्याहून अधिक वर्षांच्या झाडांस वारसा म्हणून विशेष संरक्षण मिळालें आहे. हा कायदा चांगलाच आहे. परंतु झाड लावतांना तुम्हांस कोणी विचारीत नाहीं आणि काढतांना अर्ज, पाहणी व प्रतीक्षा असते. चुकीची निवड पांच मिनिटांत होते आणि तिची दुरुस्ती करण्यास फाइल चालवावी लागते.

मग बागेजवळच्या वस्तींत लावावें तरी काय? करंज, बहावा, अर्जुन, चिंच, कडुनिंब, मोह, पळस हीं आपल्या काळ्या जमिनींत व उन्हांत टिकणारीं आहेत, आणि यांतील एकही संत्र्याच्या कुळांतलें नाहीं. यांतून पांच-सहा जाती निवडून मिसळून लावाव्या. कुंपणास मेंदी लावावी. कातर तिलाही सोसते आणि सायला तिच्यावर वाढत नाहीं. कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर सायला वाढतो, म्हणून फोडणीपुरतें एक झाड घरापाशीं असावें, बागेच्या बांधावर मुळींच नको. शहराच्या मध्यभागीं, जेथून संत्र्याची बाग कोसोगणती दूर आहे, तेथील कामिनीबद्दल आम्ही फारसे कडक नाहीं.

आमच्या घरची कामिनी त्याच पावसाळ्यांत आम्हीं काढली व मेंदी लावली. बंधूंचें प्रकरण इतकें सोपें नव्हतें. त्यांच्या बागेस लागून एका व्यावसायिकानें ले-आऊट पाडला असून तीन बाजूंस कामिनीचें कुंपण केलें होतें. टँकरचें पाणी, महिन्यास कातर. बंधूंच्या त्या अंगाच्या ओळींतील अकरा झाडांच्या पानांवर चट्टे आले होते. नमुने तपासून घेतले, तेव्हां नऊ झाडें रोगी निघालीं व तीं उपटावीं लागलीं. रोग पलीकडूनच आला असें शपथेवर सांगतां येत नाहीं, आणि बंधूही तसें म्हणाले नाहींत. आम्ही दोघे त्या गृहस्थांस भेटलों. प्रथम त्यांस वाटलें कीं आम्ही हद्दीची तक्रार घेऊन आलों आहों. मग बंधूंनीं आपला दुपट्टा पसरून शेंडे झटकून दाखवले. गृहस्थ बराच वेळ वांकून पाहत राहिले. पुढच्या महिन्यांत बागेकडील व मागील बाजूची कामिनी निघाली आणि तेथें मेंदी आली. फाटकाजवळची तिसरी बाजू अजून आहे. गिऱ्हाइकांस तिचा वास आवडतो, असें ते म्हणतात. कातर लागल्यावर आठव्या दिवशीं बंधू तेथें जातात, आणि पहारेकऱ्याशीं दोन शब्द बोलत शेंडे झटकून पाहून येतात.